सत्तावीस मिलिमीटरची पोकळी

पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून सिंहगडाचा टीव्ही मनोरा दिसतो. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवली की मी ती आधी त्याच्यावर रोखतो. फोकसची कडी अनंतापर्यंत फिरवून मनोऱ्याची रेघ कडक दिसली, तर अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारा मधला तुकडा, चांगला. कितीही फिरवली तरी रेघ पिंजलेलीच राहिली, तर अडॅप्टर परत करायचा.

माझी लेन्स आहे हेलिओस ४४-२. सोव्हिएत संघात झेनिट कॅमेऱ्यांसाठी बनलेली, ५८ मिमी नाभीय अंतराची. तिच्या मागे नुसते आटे आहेत, ४२ मिमी व्यासाचे. लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या या जोडाला, म्हणजे माउंटला, एम४२ म्हणतात. १९४९ साली पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यावर तो आला आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी उचलला. आटे जुळवणं लेथवर काम करणाऱ्या कोणालाही जमेल. खरी मेख अंतरात आहे.

शाळेत भिंगाने कागदावर उन्हाचा ठिपका पाडला असेल, तर आठवेल: भिंग जरा वरखाली झालं की ठिपका पसरायचा. लेन्सचंही तसंच. एम४२ लेन्सची प्रतिमा माउंटपासून बरोबर ४५.४६ मिमी मागे पडावी, असं ठरलेलं आहे. एवढी जागा लागायची, कारण मध्ये आरसा असायचा आणि फोटो काढताना तो वर उचलला जायचा.

आता हीच हेलिओस तीन कॅमेऱ्यांवर लावून पाहू. कॅननच्या ईएफ माउंटला हे अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं, ४४ मिमी आहे. १.४६ मिमीची चकती मध्ये घातली की हिशेब जुळला. निकॉनच्या एफ माउंटला मात्र ते ४६.५ मिमी आहे. म्हणजे अडॅप्टर शून्य जाडीचा मानला तरी लेन्स १.०४ मिमी जास्तच पुढे राहते. जेमतेम एक मिलिमीटर, पण त्याची किंमत मोठी आहे. न्यूटनचं सूत्र सांगतं की लेन्स जितकी पुढे सरकेल, त्या अंतराला वस्तूच्या अंतराने गुणलं की नाभीय अंतराचा वर्ग मिळतो (वस्तूचं अंतर लेन्सच्या पुढच्या नाभीपासून मोजायचं). ५८ चा वर्ग ३३६४. त्याला १.०४ ने भागा: साधारण ३२०० मिमी. म्हणजे निकॉनवर सव्वातीन मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट येणार नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, सिंहगड नाही. काही अडॅप्टरांत यावर उपाय म्हणून एक भिंग घातलेलं असतं. ते प्रतिमेचा कस घालवतं. मी तरी ते घेऊ नका असंच सांगेन.

तिसरा कॅमेरा सोनीचा, ई माउंटचा. यात आरसाच नाही, म्हणून अंतर फक्त १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी भरायला धातूची पोकळ नळी पुरते. आत काच नाही, काही नाही, मोजून ठेवलेली हवा! मिररलेस कॅमेरे आले आणि कपाटातल्या जुन्या लेन्स पुन्हा बाहेर निघाल्या, त्या या रिकाम्या जागेमुळे.

ही नळी ०.१ मिमीने जाड झाली, तर वरच्याच सूत्राने हेलिओसचा फोकस सुमारे ३४ मीटरवर अडतो. २४ मिमीच्या वाइड लेन्सचा तर पावणेसहा मीटरच्या आसपासच. म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. कडी अनंताच्या खुणेआधीच थांबवावी लागते, इतकंच.

आणखी एक गोष्ट अडॅप्टर बदलू शकत नाही. फिल्मपुढे काच नसायची, सेन्सरपुढे पातळ काच असते. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेल्या आणि वेगळ्या खिडकीतून पाहायच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ असायचं, त्यामुळे कडेचे किरण फार तिरपे येतात आणि या काचेत वळून कोपरे माखल्यासारखे दिसतात. हेलिओससारख्या आरशासाठी जागा सोडून बसलेल्या लेन्सला हा त्रास फारसा होत नाही.

गंमत म्हणजे तुलनेने नव्या लेन्सच अडून बसतात. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सना अॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांची, कडीच नाही. कॅमेऱ्याकडून विजेचा संदेश आल्याशिवाय पाती हलत नाहीत, म्हणून अडॅप्टरमध्ये चिप लागते. हेलिओसला दोन कड्या आहेत. एकीवर हवं ते छिद्र, समजा एफ/८, लावून ठेवायचं. दुसरीने पाती पूर्ण उघडून स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस साधायचा. मग तीच कडी अडेपर्यंत उलटी फिरवायची आणि बटण दाबायचं.