हिरडीरोपणानंतर जखम भरून येणे

हिरडी मागे हटून दाताचे मूळ उघडे पडले, किंवा दाताभोवतीची घट्ट हिरडी फार अरुंद उरली, की बहुधा टाळूवरचे ऊतक काढून तेथे टाक्यांनी बसवतात. यालाच हिरडीरोपण म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर तोंडात दोन जखमा एकाच वेळी भरत असतात : रोपण बसवलेली जागा आणि ते जेथून काढले ती टाळूची जागा. दोहोंची भरून येण्याची रीत वेगळी आहे.

टाळूपासून पूर्ण सुटे केलेले रोपण (मुक्त रोपण) प्रथम कोणी वापरले, याबद्दल एकमत नाही. स्वीडनमधील ब्यर्न यांचे वर्णन १९६३ चे आहे. अमेरिकेतील किंग व पेनल यांनी १९६४ मध्ये फिलाडेल्फियातील एका सभेत आपले काम मांडले. ‘मुक्त हिरडीरोपण’ हे नाव रुळले ते नेबर्स यांच्या १९६६ मधील लेखामुळे. छापील लेखन प्रमाण मानल्यास अग्रमान ब्यर्न यांच्याकडे जातो. मात्र रोपण कशामुळे जगते व कशामुळे मरते, याची सुसंगत मांडणी सलिव्हन व ॲटकिन्स यांनी १९६८ मध्ये केली, आणि भरून येण्याच्या चर्चेत तीच अधिक उपयोगी पडते.

त्याच वर्षी ऑलिव्हर, लोए व कॅरिंग यांनी माकडांवरील सूक्ष्मदर्शकीय अभ्यासातून तीन टप्पे दाखवले. पहिले सु. तीन दिवस रोपणाला स्वतःचे रक्ताभिसरण नसते. खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या रक्तद्रवावर ते तग धरून असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सु. अकराव्या दिवसापर्यंत खालच्या केशवाहिन्या रोपणात शिरतात. तेथून सु. सहाव्या आठवड्यापर्यंत ऊतक पक्के होते. माणसातही क्रम हाच असतो. दिवसांचे आकडे मात्र ढोबळ समजावेत, कारण जाड रोपणाला वेळ अधिक लागतो.

सगळी पथ्ये या पहिल्या टप्प्यातून निघतात. रोपण आणि खालची जागा यांच्यात रक्ताची जाड गाठ साचली, किंवा ओठ ताणल्याने रोपण हलले, तर रक्तद्रव पोचत नाही आणि येऊ घातलेल्या केशवाहिन्या तुटतात. म्हणून ओठ उचलून आरशात जखम पाहण्याचा मोह टाळावा लागतो. जोराने चूळ भरणे, नळीने ओढून पिणे आणि त्या बाजूने चावणे वर्ज्य असते. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश फिरवत नाहीत. त्याऐवजी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या द्रावणाने हलकेच चूळ भरायला सांगतात. धूम्रपानाने रक्तपुरवठा घटतो व मूळ झाकले जाण्याचे प्रमाणही कमी होते. टाके साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी काढतात.

रोपणाचे बदलते रूप रुग्णाला हमखास घाबरवते. पहिल्या दिवशी ते फिकट, जवळजवळ पांढरे दिसते. पुढे वरचा अभिस्तर (पृष्ठभागावरील पेशींचा पातळ थर) मरून त्याचा करडा-पांढरा, ओलसर पापुद्रा सुटतो आणि रोपण कुजले असे वाटते. खाली संयोजी ऊतक (अभिस्तराखालचे तंतुमय ऊतक) जिवंत असते. कडेच्या अभिस्तरातून नवा थर त्यावर पसरतो आणि लालसर झालेली जागा हळूहळू गुलाबी होते.

दुखते बहुधा टाळूच अधिक. मुक्त रोपणात तेथे उघडी जखम राहते व ती कडांकडून भरत दोन ते चार आठवडे घेते. लँगर व लँगर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत टाळूच्या आतून फक्त संयोजी ऊतक काढून वरची झापड परत शिवतात, त्यामुळे हा त्रास कमी होतो. शिवाय हे रोपण हिरडीच्या झापडीखाली बसवल्याने त्याला दोन्ही बाजूंनी रक्त मिळते. टाळूतून पुन्हा रक्त आले, तर ओल्या गॉझने वीसेक मिनिटे सलग दाब द्यावा. तरीही न थांबल्यास, तसेच सूज व वेदना तीन दिवसांनंतर ओसरण्याऐवजी वाढल्यास शल्यचिकित्सकाला दाखवणे आवश्यक असते.

मुक्त रोपण आकसते, आणि बहुतेक आकुंचन पहिल्या महिन्यात होते. उघड्या मुळावर खालून रक्त मिळत नाही. तेवढा भाग कडेच्या ऊतकातून येणाऱ्या रक्तावर पुलासारखा टिकतो, म्हणून रुंद उघड्या मुळावरचे रोपण मधोमध मरण्याचा धोका असतो. उलट, काही रुग्णांत पुढील महिन्यांत हिरडीची कड आपोआप मुळावर थोडी सरकते. त्यामुळे मूळ किती झाकले गेले, याचा निर्णय घाईने करीत नाहीत.

रंगाचा फरक मात्र कायम राहू शकतो. अभिस्तराचे स्वरूप खालचे संयोजी ऊतक ठरवते, असे कॅरिंग, लँग व लोए यांनी १९७५ मध्ये दाखवले. टाळूचे मुक्त रोपण म्हणूनच हिरडीत रुजल्यावरही वर्षानुवर्षे टाळूसारखे फिकट व जाडसर दिसते.