पोटावरचा उभा व्रण आणि ड्युओडेनमच्या अल्सरची गोष्ट

तासगाव, जत, कवठेमहांकाळ भागात सत्तरी ओलांडलेल्या माणसांत अजून एखादा निघतोच ज्याच्या पोटावर छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत उभा व्रण असतो, आणि विचारलं तर तो एवढंच सांगतो की मिरजेला आपरेशन झालं, अल्सरचं. आता तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या पोटावर तो सहसा दिसत नाही. मधल्या काळात काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून हे लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. जठर संपलं की लहान आतड्याचा जो पहिला तुकडा लागतो, साधारण २५ सेंटीमीटरचा, वळसा घेतलेला, तो ड्युओडेनम. जठरातलं ॲसिड सगळ्यात आधी इथंच येऊन पडतं, म्हणून जखम, म्हणजेच अल्सर, बहुतेक वेळा याच्या सुरुवातीच्या भागातच होते. आपल्याकडं जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, डोकेदुखी सगळं पित्ताच्या खात्यावर जमा होतं, त्यामुळं अल्सरवाला माणूस वर्षानुवर्षं खायचा सोडा पाण्यात टाकून पीत बसायचा आणि रक्ताची उलटी झाली की मग गाडी करून दवाखान्यात.

दुखण्याची खूण मात्र अगदी पक्की होती. इंग्लंडमधल्या लीड्सचे सर्जन बर्कले मॉयनिहन यांनी १९१० मध्ये ड्युओडेनमच्या अल्सरवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांचा भर पेशंटला नीट बोलतं करण्यावर होता. जेवल्यावर दोन-तीन तासांनी पोट रिकामं झालं की दुखतं, काही खाल्लं की थांबतं. रात्री दोनला उठून चतकोर भाकरी दुधात कुस्करून खाणारा आणि मग शांत झोपणारा शेतकरी डॉक्टरपुढं हेच सांगायचा. त्याच वर्षी कार्ल श्वार्त्स या डॉक्टरांनी मांडलं की ॲसिड नसेल तर अल्सरही नाही, आणि पुढची सत्तर वर्षं सगळं डॉक्टरी डोकं त्या ॲसिडच्या मागंच लागलं.

१९१५ च्या सुमारास शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी पथ्य काढलं, दर तासाला दूध आणि साय, मधेमधे ॲसिड मारणारी पावडर. ते जगभर चाललं. आजही आपल्याकडं पित्त झालं की थंड दूध पी म्हणतात, तसलाच प्रकार, फक्त नंतर कळलं की दुधानं घटकाभर बरं वाटतं आणि मग त्यातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळं ॲसिड उलट जास्त सुटतं. तिखटाची बदनामीही अशीच. खर्डा-ठेच्यानं जळजळ होईल, पण अल्सर त्यानं होत नाही, घराघरात बिचाऱ्या मिरचीनं फुकट शिव्या खाल्ल्या.

औषध पुरलं नाही की सर्जन. शिकागोच्याच लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ मध्ये जठराला ॲसिड सोडायचा हुकूम देणारी व्हेगस नर्व्हच कापायला सुरुवात केली. पण ती कापली की जठर नीट रिकामं होत नाही, म्हणून जठराला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडून दुसरी वाट काढायची. तो उभा व्रण बऱ्याचदा याच आपरेशनचा. इकडं मिरजेत विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं होतं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि जंक्शन असल्यानं बेळगाव, पंढरपूरकडचे पेशंटही रेल्वेनं थेट इथं उतरायचे. तेव्हा निदान म्हणजे बेरियम. खडू पाण्यात कालवल्यासारखा पांढरा घट्ट द्रव ग्लासभर प्यायचा, टेबलावर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं, आणि एक्स-रेत ड्युओडेनमचं तोंड वेडंवाकडं दिसलं की अल्सर. जखमेवर जखम होऊन वाट आवळली तर काल खाल्लेलं आज जसंच्या तसं उलटून पडायचं, अशांना आपरेशनशिवाय गत्यंतरच नव्हतं.

आपरेशननं दुखणं जायचं पण काहींना नवीनच मागं लागायचं. आमच्या नात्यातले एक आजोबा पुरणपोळी खाल्ली की अर्ध्या तासात घामानं डबडबायचे, छाती धडधडायची, लगेच आडवे व्हायचे. घरचे म्हणायचे पोळी पचत नाही. खरं म्हणजे जठराचं दारच बायपास झाल्यानं गोड जेवण एकदम आतड्यात कोसळायचं, त्याचा हा परिणाम, डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात.

मग गोळ्या आल्या. शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या कामातून निघालेली, ॲसिड कमी करणारी सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आली, १९८१ ला रॅनिटिडीन, दशक संपता संपता ओमेप्राझोल, आणि सर्जनच्या यादीतून अल्सर भराभर कमी व्हायला लागला. अडचण एकच, गोळी बंद केली की वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांचा अल्सर परत हजर.

तो परत का येतो याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सापडलं. तिथले डॉक्टर रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून पेशंटच्या जठरातून काढलेल्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर लागले, पण जंतू लॅबमधल्या प्लेटवर काही वाढेनात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि नेमके तेव्हा उगवले. तरी कोणी मानेना, ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा म्हणून. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू घोटभर प्यायले, उलट्या झाल्या, तोंडाला वास यायला लागला, दुर्बिणीनं बघितलं तर जठर सुजलेलं. (अल्सर झाला नव्हता, सूज होती, ऐकीव गोष्टीत हे उगाच वाढवून सांगतात.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

अर्थात जंतू आहे म्हणून प्रत्येकाला अल्सर होतोच असं नाही. मैसूरला काम केलेले सर्जन फ्रँक टोव्ही यांनी दाखवलं होतं की भारतात भात खाणाऱ्या दक्षिणेत हा अल्सर जास्त आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी, आणि जंतू तर दोन्हीकडं भरपूर. आहाराचा काय वाटा यावर वाद चालू राहिला. दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून सुट्ट्या घेऊन महिनोन्महिने खाल्लेल्या. सिगारेट-बिडीनं जखम भरायलाही उशीर होतो.

आता सांगलीतही दुर्बीण काही मिनिटांत होते, जठराचा बारीक तुकडा काढून पिवळ्या किटमध्ये टाकतात, गुलाबी झाला की जंतू आहे. मग सहसा १४ दिवस जंतू मारणारी दोन-तीन औषधं ॲसिड कमी करणाऱ्या गोळीबरोबर. इथंच मला राग येतो, कारण बरेच लोक बरं वाटलं की पाचव्या दिवशी सोडतात, आणि कित्येक जण जंतूची टेस्टच न करता रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडची गोळी खात वर्षं काढतात. ती गोळी चालू असताना टेस्ट केली तर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागते, आणि कोर्स झाल्यावर निदान महिनाभरानं श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून जंतू गेला का बघावं लागतं. शी डांबरासारखी काळी झाली तर मात्र यातलं काही बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.