जिन्यातली तालीम

मुंबईतल्या छोट्या कॉलेजात नाटकाला स्वतःची खोली नसते. लेक्चर संपली की बाकं भिंतीला लागतात, फरशीवर खडूने रंगमंचाची चौकट आखली जाते. शिपाईकाकांनी वर्गाला कुलूप घातलं की उरलेली तालीम जिन्यात नाहीतर गच्चीवर होते. पावसाळ्याबरोबर युवा महोत्सव आणि एकांकिका स्पर्धा येतात, आणि पाच मजल्यांच्या इमारतीत तीच दहा-पंधरा मुलं नाटकातही असतात, नाचातही.

जागेची ही ओढाताण जुनी आहे. १८४६ साली जगन्नाथ शंकरशेट यांच्या जमिनीवर ग्रँट रोडचं थिएटर उभं राहिलं, १८५३ मध्ये मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन तिथे खेळ करून गेले. पुढच्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजच्या पारशी विद्यार्थ्यांनी हौशी नाटक मंडळी काढली. कॉलेज आणि नाटक यांची मुंबईतली सोयरीक तिथपासूनची. बायकांची कामं तेव्हा मुलगेच करत. १९३३ च्या १ जुलैला ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. आज रात्री नऊला तालीम आटपून लोकल पकडणारी मुलगी घरी निर्धास्त सांगू शकते की नाटकात आहे. त्याची सुरुवात, मला वाटतं, त्या प्रयोगापाशी शोधावी.

स्पर्धेची चौकट नंतर आली. १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, त्याच वर्षी दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. कॉलेजांच्या एकांकिकांसाठी पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक, मुंबईत आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) स्पर्धा. प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं आणि पडदा उघडण्याआधी प्रेक्षागृहातून उठणारं ‘अरे आव्वाज कुणाचा?’. मोठ्या कॉलेजच्या शंभर मुलांपुढे आपली बारा मुलं ओरडतात, तेव्हा घसा बसणारच.

पण कमी सामानात नाटक करायला या मुलांना शिकवलं ते दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलने. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून तिथे प्रयोग सुरू केले. शाळेचाच हॉल, प्रेक्षक अगदी पुढ्यात. दोन लेव्हल्स (लाकडी चौथरे), एक बाक आणि नेमका प्रकाश एवढ्यावर एकांकिका उभी करायची सवय त्या वातावरणातून कॉलेजांपर्यंत झिरपली. पैसे नव्हते म्हणून तसं केलं, असं कुणी म्हणालं तर मला ते अपुरं वाटतं. ती नाटक बघण्याची एक दृष्टी होती.

नाचाची वाट वेगळी, ती गिरणगावातून येते. कोकणातून आलेल्या कामगारांनी जाखडी आणि नमन हे तिकडचे लोककलाप्रकार चाळींत आणले. जाखडी म्हणजे घेर धरून केलेला नाच. मधोमध मृदंगवाला आणि गाणारे, भोवती घेर, एका पायात घुंगरांचा चाळ, आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे गाण्यातले सवाल-जवाब रात्रभर. परळच्या दामोदर हॉलला १९२२ पासून कामगारांच्या नाटकांनी आणि अशा कार्यक्रमांनी जाग होती. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, मग गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्या घरांतली मुलं कॉलेजात आली आणि लोकनृत्याच्या गटात जाखडी दिसू लागली.

स्पर्धेत मात्र तिला दहा मिनिटं मिळतात. घेर पुढून उघडावा लागतो, नाहीतर परीक्षकांना निम्म्या मुलांच्या पाठीच दिसतील. रात्रभराचा नाच असा कापला जातो, याचं मला वाईट वाटतं. तरीही बसवताना मुलं घरी जाऊन आजोबांना विचारतात, पाय आधी कुठला टाकायचा, ठेका कुठे तुटतो. आणि मृदंगावर बसायला अजूनही कुणाचे तरी काका ड्युटी संपवून, पिशवीत चाळ घेऊन, थेट गच्चीवर येतात.