कंडरा हाडात उतरते ती जागा

दादर स्थानकाच्या पुलाचा जिना चढून झाल्यावर क्षणभर कडेला थांबून गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर हात लावून पाहावा. नडगीच्या वरच्या टोकाला एक टणक उंचवटा हाताला लागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जोर वाटीवरून खाली उतरतो आणि या उंचवट्याला ओढतो, तेव्हा आपण एक पायरी वर चढतो.

बोलताना आपण सरसकट ‘शीर ताणली’ म्हणतो. परंतु स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. दोन्ही मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात, आणि दोघांपुढची अडचणही एकच असते. मोबाइलच्या चार्जरची वायर मधेच क्वचित तुटते; ती तुटते पिनेच्या तोंडाशी, कारण मऊ वस्तू कठीण वस्तूला जिथे मिळते तिथे ताण एकवटतो. कंडरा लवचीक आणि हाड तिच्याहून कितीतरी ताठर, तरीही ही जोडणी सहसा तुटत नाही.

याचे कारण असे की कंडरा हाडापाशी एकदम संपत नाही. तिच्या तंतूंमध्ये आधी कूर्चेचे गुण येतात, मग त्या तंतुमय कूर्चेत कॅल्शियमचे क्षार साठू लागतात आणि त्यापुढे हाड सुरू होते. हा सगळा बदल सुमारे एका मिलिमीटरच्या आतच घडतो, ही गोष्ट मला शरीररचनेतील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते. मऊ आणि क्षारयुक्त कूर्चेमधील सीमा सूक्ष्मदर्शकाखाली एका रेषेसारखी दिसते. ओहोटीनंतर चौपाटीच्या वाळूवर पाण्याची खूण उरते तशी, म्हणून तिला भरतीरेषा म्हणणेच योग्य ठरेल. काही ठिकाणी मात्र कूर्चेचा हा टप्पा नसतो. तिथे तंतू हाडावरच्या आवरणातून थेट हाडात रुजतात. अशा तंतूंना स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम शार्पी यांचे नाव मिळाले आहे.

वाढत्या वयात नडगीचा तो उंचवटा पुरता हाड झालेला नसतो. म्हणूनच शिवाजी पार्कवर रोज धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या एखाद्या मुलाला नेमके तिथेच दुखू लागते आणि सूज येते. हा विकार 1903 मध्ये रॉबर्ट ऑस्गुड आणि कार्ल श्लाटर यांनी स्वतंत्रपणे वर्णिला. बहुतेक मुलांमध्ये हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर तो शमतो.

प्रौढाच्या खांद्याची कंडरा हाडावरून सुटली, तर प्रश्न अधिक बिकट होतो. शल्यचिकित्सक ती टाके घालून पुन्हा हाडाला बसवतात, परंतु मधला तो क्रमाक्रमाने कठीण होत जाणारा पट्टा शरीर पूर्वीसारखा घडवत नाही. त्या जागी व्रणाची ऊती भरते, आणि ती मूळ जोडणीपेक्षा दुबळी असते. शस्त्रक्रियेनंतर हात अनेकदा चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो, तो ही नाजूक ऊती धरेपर्यंत तिच्यावर ओढ पडू नये म्हणून.