पंप गातोय, कारण पेट्रोल उकळतंय

दर काही महिन्यांनी पेपरात एक फोटो हमखास येतो. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेले, त्यांच्यावरून रोडरोलर फिरतोय आणि बाजूला वाहतूक पोलीस कृतार्थ चेहऱ्यानं उभे. तो पाहिला की मला माझा भाचा आठवतो. त्याची गाडीही बोंबलायची, पण सायलेन्सरमधून नव्हे. आवाज यायचा मागच्या सीटखालून.

गाडी साधीच हॅचबॅक. तिला त्यानं टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलाय आणि टर्बोची तहान भागवायला टाकीबाहेर, गाडीच्या पोटाला एक दांडगा फ्यूल पंप, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा. (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: मूळ रचनेत असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. हे मी त्याला सांगितलंय. त्यानंही ऐकलंय, म्हणजे कानांनी.) आवाजाबद्दल विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "मामा, मोठा पंप आहे, आवाज करणारच ना!"

हे सगळ्याच गॅरेजांत ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. भाचा मुलुंडहून सकाळी सहाला निघतो तेव्हा तोच पंप, तेवढ्याच व्होल्टेजवर, जवळजवळ गप्प असतो. संध्याकाळी सायनच्या कोंडीत तासभर अडकला की तो गळा काढतो. मोठेपणाचाच आवाज असता तर सकाळीही आला असता. कोंडीत तर इंजिन नुसतं फुरफुरत असतं, पंपावर वाढीव काम काहीच नसतं.

त्यात आणखी एक गंमत झाली. एकदा कोंडीतून सुटल्यावर त्यानं पेट्रोल भरलं, पंचवीस लिटर. पाच मिनिटांत आवाज बसला. तेव्हापासून तो त्याच पंपावर पेट्रोल भरायला लागला, "तिथलं पेट्रोल चांगलं आहे" म्हणून.

शेवटी एका रविवारी आम्ही कुर्ल्याच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि म्हणाले, "गा रहा है, सेठ." मग मी ऐकलं. आवाज एक नव्हता, दोन होते. एक सरळ सूर, मच्छर कानाशी आल्यासारखा. त्याच्या मागे दुसरा, बेसूर आणि खरखरीत, पत्र्याच्या डब्यात तांदूळ हलवल्यासारखा.

पहिला सूर समजायला सोपा. पंपाच्या आत मोटर फिरते आणि तिच्यावरचे रोलर किंवा पाती पेट्रोल पुढे ढकलतात. समजा मोटर मिनिटाला ६००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १००. रोलर पाच असतील तर सेकंदाला ५०० ढकले, म्हणजे ५०० हर्ट्झचा सूर. चाळीस पात्यांची चकती असेल तर ४०००, आणि ३००० ते ४००० च्या आसपास माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. म्हणून काही पंपांत पाती मुद्दाम कमीजास्त अंतरावर ठेवतात. आवाज तेवढाच राहतो, पण एका सुरात न साचता विस्कटतो आणि कमी टोचतो.

दुसऱ्या आवाजासाठी मात्र स्वयंपाकघरात जायला हवं. चहाचं आधण ठेवा आणि कान द्या. उकळी फुटायच्या बऱ्याच आधी पातेलं सूं सूं करायला लागतं, चढत जातं, आणि खळखळून उकळी आली की उलट मऊ होतं. पाणी नीट उकळतं तेव्हा आवाज कमी आणि उकळायच्या आधी जास्त, हे कसं? तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वर सुटतात, पण वरचं पाणी अजून पुरतं तापलेलं नसतं. तिथं पोचताच आतली वाफ पाणी होते, बुडबुडा पोकळ पडतो आणि चहूबाजूंचं पाणी त्या पोकळीत धडकतं. अशा हजारो टकरींचा मिळून तो सूंकार. सगळं पाणी तापलं की बुडबुडे फुटेपर्यंत सुखरूप वर येतात आणि भांडं शांत होतं.

हाच विषय ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये गणितात मांडला. निमित्त पातेल्याच्या गाण्याचं होतंच, पण खरी निकड आगबोटींची होती. १८९४ मध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी 'टर्बिनिया' ही टर्बाइनवर चालणारी बोट पाण्यात उतरवली, तर पंखा गरागरा फिरे आणि बोट काही त्या मानानं पुढे जाईना. पात्यांमागे दाब इतका उतरत होता की थंड समुद्राचं पाणीच तिथं वाफ होत होतं. पंखा पाण्यात नव्हे, पोकळ्यांत फिरत होता. पार्सन्सनी एक छोटं पाण्याचं टाकं बनवून हे डोळ्यांनी पाहिलं, एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे लावले आणि १८९७ मध्ये आरमाराच्या सोहळ्यात सगळ्यांदेखत ३४ नॉट वेगानं बोट पळवली. रॅले यांचं गणित सांगतं की पाण्यातला १ मिलिमीटर त्रिज्येचा रिकामा बुडबुडा वातावरणाच्या दाबाखाली सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आत मिटतो. त्या मिटण्याच्या शेवटच्या क्षणी दाब इतका चढतो की पितळेच्या पात्यांना खड्डे पडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. भाच्याच्या गाडीतले तांदूळ म्हणजे हेच.

म्हणजे उकळायला आच लागतेच असं नाही. दाब उतरला तरी द्रव उकळतो. प्रत्येक द्रवाचा, प्रत्येक तापमानाला, एक बाष्पदाब असतो. भोवतालचा दाब त्याच्याखाली गेला की उकळी. ३८ अंशाला पाण्याचा बाष्पदाब साधारण ६.६ किलोपास्कल आहे, पेट्रोलचा ६० च्या आसपास. वातावरणाचा दाब १०१. पाण्याला उकळवायला पंपाला ९४ किलोपास्कल ओढावं लागेल, पेट्रोलला फक्त ४०. पेट्रोल ५० अंशावर गेलं की त्याचा बाष्पदाब ८० च्या पुढे सरकतो आणि शिल्लक उरते जेमतेम वीस. तेवढ्या शिलकीत पंपानं टाकीतून पेट्रोल ओढायचं, नळीतून, वळणांतून, गाळणीतून.

आता कोंडीचा हिशेब करू. (आकडे नको असतील तर पुढचा परिच्छेद सोडा, राग नाही.)

असा पंप ३ बार दाबाला (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) तासाला २५५ लिटर पेट्रोल ढकलतो. उभ्या गाडीचं इंजिन तासाला पितं जेमतेम लिटरभर. उरलेलं २५४ लिटर रिटर्न लाइननं, म्हणजे परतीच्या नळीनं, परत टाकीत. म्हणजे टाकीतलं दहा लिटर पेट्रोल तासाला पंचवीसेक वेळा तापलेल्या इंजिनाला प्रदक्षिणा घालून येतं. पंप १३.५ व्होल्टवर आठेक अँपिअर घेतो, साधारण ११० वॉट. ३ बार गुणिले २५५ लिटर याचं उपयोगी काम फक्त २१ वॉट भरतं आणि तेही रेग्युलेटरपाशी, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या झडपेपाशी, दाब उतरताना उष्णताच होतं. थोडी बाहेर जाते, बहुतेक सगळी पेट्रोलमध्ये. दहा लिटर पेट्रोल म्हणजे ७.४ किलो, त्याला एक अंश चढवायला १६ किलोज्यूल. ११० वॉटला त्यासाठी अडीच मिनिटं पुरतात. अर्ध्या तासात बारा अंश. टाकी हवेत काही उष्णता सोडते हे खरं, पण मे महिन्यातला सायनचा डांबरी रस्ता खालून ती भरून काढतो.

पेट्रोल पंपावरच्या 'चांगल्या' पेट्रोलचं कोडं इथं सुटलं. ते जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल होतं आणि पंचवीस लिटर होतं. कुठल्याही पंपावर तेवढं भरलं असतं तर आवाज बसलाच असता.

भाच्यानं आधी केलेले उपाय विचारू नका. पंपाभोवती फोम गुंडाळला होता. फोम पेट्रोलनं ओला झाला तर काय होईल याचा विचार केला नव्हता आणि आवाज तसाच होता. शिवाय फ्यूल लाइनला एक चुंबक चिकटवलं होतं, 'रेणू सरळ रांगेत लावून मायलेज वाढवणारं'. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा परिणाम शून्याच्या इतका जवळ आहे की बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीशी त्याची बरोबरी करता येईल. फरक एवढाच की लिंबू-मिरची स्वस्त असते आणि शनिवारी बदलतात.

खरा चोर मिस्त्रींनी दोन मिनिटांत दाखवला. पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला, १० मायक्रॉनची कागदी गाळणी बसवली होती. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. इतकी बारीक गाळणी पंपाच्या पुढे लावायची असते, जिथं ढकलायला ३ बार आहेत. मागे लावायची ती १०० मायक्रॉनची जाळी. वर ओढीची नळी ६ मिलिमीटरची. नळीतला दाबाचा तोटा व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या हिशेबानं बदलतो, त्यामुळे ६ ची ८ केली की तो चौथाईवर येतो. दोन मिलिमीटरमध्ये एवढी कमाई दुसरीकडे कुठं होत नाही.

गाळण्यांची जागा बदलली, नळी बदलली, तांदूळ थांबले. मच्छर राहिला.

मच्छराचा मार्ग वेगळा. पंप बोल्टनं थेट पत्र्याला आवळलेला होता आणि पत्रा तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करत होता. मोबाइल उशीवर ठेवून वाजवा, मग गोदरेजच्या कपाटावर ठेवून वाजवा, तोच प्रकार. मध्ये रबर हवं, पण कुठलंही नव्हे. पंपाचं वजन आणि रबराची लवचीकता मिळून एक झोका तयार होतो, त्याची स्वतःची एक वारंवारिता असते. पंपाचा सूर तिच्या सुमारे १.४ पटीच्या वर असेल तरच रबर आवाज अडवतं. खाली असेल तर उलट वाढवतं. म्हणून टणक रबराची चकती घालून घट्ट आवळली की काही मिळत नाही. बोल्ट रबराच्या आरपार पत्र्याला टेकला तर रबर नुसतं शोभेला. शिवाय साधं रबर पेट्रोलनं फुगतं, तिथं नायट्राइल लागतं. आणि पुढची स्टीलची नळी पत्र्याला जिथं जिथं टेकत असेल तिथं आवाज पुन्हा दारातून आत येतो. आमची तीन ठिकाणी टेकत होती.

शेवटचा बदल सगळ्यात समजूतदार. इंजिन लिटरभर पितंय तर २५५ ढकलायचे कशाला? जुन्या कित्येक जपानी गाड्यांत कंपनीच पंपाच्या वायरीत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा, घालायची. गाडी उभी असताना पंपाला कमी व्होल्ट, पाय दाबला की रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, रेझिस्टर वगळून पूर्ण व्होल्ट देतो. यात आवाज घटतो, उष्णताही घटते, म्हणजे दुखण्याचं मूळच कमी होतं. जोखीम एकच. टर्बो जोरात असताना रिलेनं दगा दिला तर पेट्रोल कमी पडतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन ठोके देतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून रिले असा जोडला की तो बिघडला तर पंप पूर्ण व्होल्टवरच राहील. गाडी ओरडेल, मरणार नाही.

(पंपाच्या मोटरची ठिणगी पेट्रोलमध्येच पडते, मग स्फोट का होत नाही, असं भाच्याच्या आईनं विचारलं होतं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. पंपाच्या आत हवाच नसते. पण उघड्या गॅरेजात टाकी खोलली की ती असते, तेव्हा हे काम घरी करू नये.)

परवा त्याच्याबरोबर सायनच्या कोंडीत पाऊण तास अडकलो होतो. टाकीत दोन काड्या पेट्रोल, काचा बंद. मी सीटखाली हात घालून पाहिला, पत्रा बारीकसा गुणगुणत होता. कानाला काही नाही. हायवेला लागल्यावर त्यानं पाय दाबला, रिले टक् झाला आणि पंप पूर्ण जोरात आला असणार, पण ते ऐकू येणं शक्य नव्हतं. सायलेन्सरही त्यानं बदललाय, हे तेव्हा कळलं.