माशाचा जंतू सापडतो की निसटतो, हे कुठे ठरतं?

मत्स्यशेतीतला मासा आजारी पडला, की नुसतं बघून जंतू ओळखणं अवघड. पोट फुगलेलं, अंगावर लाल चट्टे, डोळे बाहेर आलेले. एरोमोनास असो, एडवर्डसिएला असो की स्ट्रेप्टोकॉकस, लक्षणं बरीचशी सारखीच. प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला काही दिवस जातात. सॅमन-ट्राउटच्या मूत्रपिंडाला ग्रासणारा रेनिबॅक्टेरियम वाढायला तर कित्येक आठवडे घेतो. तोवर रोग पसरतो. म्हणून जंतूचा डीएनएच शोधायचा.

या कामात पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या फेरीफेरीने प्रती काढणाऱ्या तंत्राचं, कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. 30 फेऱ्यांत एका तुकड्याच्या जवळपास 100 कोटी प्रती तयार होऊ शकतात. पण माझ्या मते निकाल बराचसा त्याआधीच, डीएनए काढताना ठरून जातो.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत डीएनए सांभाळणारं केंद्रक नसतं, माशाच्या असतं. नमुना घेतात तो बहुधा मूत्रपिंडाचा किंवा प्लीहेचा, म्हणजे रक्ताने भरलेल्या अवयवांचा. त्यात तिलापिया माशाचा जीनोम, म्हणजे एका पेशीतला डीएनएचा पूर्ण संच, सुमारे 100 कोटी बेस-जोड्यांचा, तर स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए या जंतूचा जेमतेम 20 लाखांचा. हाती येतो तो जवळजवळ सगळा माशाचाच डीएनए. अवयवाचा मोठा तुकडा घेऊन उपयोग नाही. जादा डीएनए, रक्तातला हीम आणि त्वचेतलं मेलॅनिन पीसीआर रोखतात.

दुसरी अडचण जंतूच्या पेशीभित्तिकेची. प्रोटीनेज-के हे विकर 56 अंशांना ऊती विरघळवतं, सोबतच्या डिटर्जंटने एरोमोनाससारखे पातळ भित्तिकेचे जंतूही फुटतात. स्ट्रेप्टोकॉकसची भित्तिका जाड. त्याला आधी 37 अंशांना लायसोझाइम हे भित्तिका तोडणारं विकर द्यावं लागतं, किंवा बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळावं लागतं. ही पायरी गाळली तरी डीएनए भरपूर निघतो, यंत्रावरचा आकडा छान दिसतो, आणि जंतू मात्र न फुटताच राहून जातात! माशाचं एखादं जनुक तपासून पाहिलं, तरी पीसीआर चालला एवढंच कळतं. जंतू फुटले की नाही, ते कळत नाही.

यावर एक उपाय मला फार मोलाचा वाटतो. जाड भित्तिकेचा ओळखीचा जंतू थोड्या, मोजक्या संख्येने निरोगी माशाच्या ऊतीत मिसळायचा आणि तो नमुना बाकीच्यांबरोबर पहिल्या पायरीपासून न्यायचा. त्यात जंतू सापडला नाही, तर त्या खेपेचे सगळे निगेटिव्ह निकाल बाजूला ठेवायचे आणि राखून ठेवलेल्या ऊतीतून डीएनए पुन्हा काढायचा.