व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणजे चित्र-पासवर्ड नव्हे

लॉगिनच्या पानावर टाइप करण्याऐवजी माउसने क्लिक करावं लागलं, की लोक सरसकट म्हणून टाकतात, ‘इथे चित्राचा पासवर्ड आहे.’ जाणकार म्हणवणारेही हेच लिहितात, आणि मग एकाचे फायदे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. ही गल्लत आता थांबायला हवी.

व्हर्च्युअल कीबोर्ड सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. पासवर्ड नेहमीचाच, फक्त तो पडद्यावरच्या बटणांवर क्लिक करून भरायचा. आपण दाबलेली प्रत्येक की चोरून टिपणाऱ्या कीलॉगरला चकवण्यासाठी ही सोय आली. क्लिक कुठे झालं यावरून अक्षर ओळखता येऊ नये म्हणून काही साइट्स दर वेळी बटणांच्या जागाही बदलतात.

चित्र-पासवर्डमध्ये अक्षरं नसतातच. चित्रातल्या ठरावीक जागांवर ठरावीक क्रमाने बोट ठेवायचं, ही कल्पना मांडणारं ग्रेग ब्लाँडर यांचं पेटंट 1996 सालचं. पुढे बऱ्याच चेहऱ्यांमधून आपले चेहरे निवडण्याची पद्धत आली. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 मध्ये फोटोवर वर्तुळ, रेघ किंवा टॅप अशा तीन खुणा करून लॉगिन करता येऊ लागलं.

आता मुख्य मुद्दा. व्हर्च्युअल कीबोर्डने तुमचं गुपित बदलत नाही, ते भरायची वाट तेवढी बदलते. चित्र-पासवर्डमध्ये गुपितच वेगळं असतं. कुठल्याही साइटवर हे ओळखायचं सोपं आहे: साइटने टाइप करू दिलं, तर तोच पासवर्ड साध्या कीबोर्डवरून भरून आत जाता येईल का? येत असेल तर तो व्हर्च्युअल कीबोर्ड. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही वेळा मजकूर एकच येतो.

म्हणूनच ‘12345’ हा पासवर्ड माउसने भरला तरी तो ‘12345’च राहतो. अंदाज बांधणारा तितक्याच सहज बांधतो. तोच पासवर्ड दुसऱ्या साइटवरून फुटला असेल, तर पडद्यावरची बटणं काहीही वाचवत नाहीत. कीलॉगरचं म्हणाल, तर क्लिकच्या क्षणी पडद्याचा फोटो काढणारे आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर ब्राउझरमधूनच उचलणारे प्रोग्रॅम कधीच आले आहेत. शिवाय सावकाश क्लिक करत बसलं, की मागे उभ्या असलेल्या माणसाला अक्षर न् अक्षर वाचता येतं.

चित्र-पासवर्डच्या अडचणी सगळ्या निराळ्या. साइटने पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नसतो, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली आणि एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलणारी खूण, साठवायचा असतो, आणि हॅशला ‘जवळपास बरोबर’ कळत नाही. पण माणूस दोनदा नेमक्या त्याच पिक्सेलवर क्लिक करू शकत नाही. म्हणून चित्रावर न दिसणारे चौकोन आखतात आणि क्लिक ज्या चौकोनात पडलं, त्या चौकोनाचा हॅश घेतात. तुमची जागा चौकोनाच्या कडेला असली, तर हात जरा सरकताच क्लिक शेजारच्या चौकोनात जातं आणि बरोबर जागा आठवूनही लॉगिन फसतं. त्यामुळे हे चौकोन कसे आखायचे, यावरच बरंच संशोधन झालं आहे. दुसरी अडचण माणसाच्या नजरेची. फोटोत डोळे, ठळक कोपरे, उठून दिसणारे रंग असले की बहुतेकांचं बोट तिथेच जातं. चित्रात हजारो जागा असूनही प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या मोजक्याच, आणि अंदाज बांधणारा सुरुवात तिथूनच करतो. पासवर्डचा फोटो निवडायचाच असेल, तर बारीकसारीक तपशिलांनी गच्च भरलेला निवडा. एकट्या चेहऱ्याचा नको.

खोट्या साइटपुढे दोन्ही निकामी. तिथे अक्षरं भरा नाहीतर चित्रावर क्लिक करा, गुपित तुम्ही स्वतःच्या हाताने देऊन बसता.

याच कारणासाठी मला सक्तीचा व्हर्च्युअल कीबोर्ड अजिबात मान्य नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्रॅम, साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो, म्हणजे खोट्या साइटवर तो आपणहून थांबतो. सक्तीच्या कीबोर्डवर मॅनेजरला पासवर्ड भरताच येत नाही, म्हणजे नेमकं हेच संरक्षण काढून घेतलं जातं. वर क्लिक करायचा कंटाळा म्हणून लोक पासवर्ड आखूड ठेवतात, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंधांची तर वाटच अडते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितलं, की पासवर्ड पेस्ट करू द्यावा, म्हणजे मॅनेजर वापरणं सोपं जातं. कीबोर्ड ठेवायचा तर ऐच्छिक ठेवा.

ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायला लावणारा कॅप्चा या दोन्हींत बसत नाही. तो तुम्ही माणूस आहात का एवढंच पाहतो. आणि लॉगिन करताना साइट तुम्ही आधी निवडलेलं चित्र दाखवते, तो प्रकारही चित्र-पासवर्ड नव्हे. तिथे तुम्ही काहीच सिद्ध करत नाही, साइट स्वतःची ओळख पटवते. बँक ऑफ अमेरिकाची ‘साइटकी’ ही अशीच सोय होती. 2007 च्या एका अभ्यासात ते चित्र मुद्दाम काढून टाकलं, तरी भाग घेणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी पासवर्ड भरलाच. 2015 मध्ये बँकेने ती सोय बंद केली.